अक्काचा चंद्र

दिल्लीतल्या एका हॉटेलच्या गच्चीवर, लाल साड्या नेसलेल्या बायकांच्या रांगेत, मांडीवर पिठाची चाळण घेऊन एखादा सफारीतला गृहस्थ बसलेला दिसला तर लगेच हसू नये. तो केंद्र सरकारात अवर सचिव असू शकतो, आणि त्याच्या मुलीचं लग्न त्या चाळणीला टांगलेलं असू शकतं. दीनानाथ आंबर्डेकरांच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

वास्तविक बेत अगदी साधा होता. दोन घरच्या माणसांनी एका हॉटेलात बसून जेवायचं, एवढंच. दीनानाथांची मुलगी शिवांगी गुडगावच्या एका कंपनीत होती, आणि तिच्या शेजारच्या टेबलावरचा अनुराग भाटिया तिच्या मनात होता. अनुरागच्या आईने, सुमित्राजींनी, शिवांगीचा फोटो पाहूनच होकार दिला होता. अडलं होतं ते वडिलांपाशी. करोलबागेत मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारे भाटियाजी मनाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे, आणि रागाला सर्वात जवळ. मराठी माणसांबद्दल त्यांच्या मनात एक जुनी अढी होती. तरुणपणी एका मराठी ओळखीच्याकडे गेले असता घरच्यांनी विचारलं, "चाय लेंगे?" भाटियाजींनी रीतीप्रमाणे एकदा नाही म्हटलं, आणि चहा खरोखरच आला नाही. तो न आलेला चहा त्यांच्या घशात अजून अडकला होता.

"पापा एका जेवणात माणूस ओळखतात," अनुरागने शिवांगीला सांगितलं होतं. "साथ बैठके खाना खाएँगे, उसी रात हाँ या ना. नंतर बदलत नाहीत." हे पोर लग्नाच्या तयारीसाठी शिवांगीकडून मराठी शिकत होतं आणि दिसेल त्याच्यावर ते आजमावत होतं.

शिवांगीने वडिलांची उजळणी घेतली. "बाबा, please. फक्त एक संध्याकाळ. ते काहीही बोलले तरी तुम्ही 'हाँ जी' म्हणायचं. नियम सांगायचे नाहीत. दुरुस्त करायचं नाही. फक्त हाँ जी." तिच्या आवाजात असं काही होतं की दीनानाथांना ती एकदम पाच वर्षांची दिसायला लागली. त्यांनी आरशासमोर उभं राहून 'हाँ जी' घोटून काढलं.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये बातमी लपत नाही. वरच्या मजल्यावरचे विश्वासराव मुद्दाम जिना उतरून सल्ला द्यायला आले. विश्वासरावांच्या घरात आजवर एकही लग्न जमलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडे सल्ल्यांचा साठा शिल्लक होता. "पंजाब्यांसमोर एकच करायचं, खायचं," ते म्हणाले. "वाढलं की खा, संपलं की मागा. खाणाऱ्यावर त्यांचा जीव जडतो. पानात चिवडत बसलात तर संपलं." दीनानाथांनी मान डोलावली. खाणं ही काही त्यांना अवघड जाणारी गोष्ट नव्हती.

अवघड झालं ते तारखेमुळे. भाटियाजींनी स्वतःच फोन करून दिवस कळवला, आणि दीनानाथांनी घोटलेलं 'हाँ जी' ताबडतोब वापरून टाकलं. मग त्यांच्या लक्षात आलं की त्या दिवशी संकष्टी आहे. त्यांना उलट आनंदच झाला. गणपतीच्या दिवशी मुलीचं जमतंय, याहून चांगलं काय?

"अहो, त्या दिवशी करवा चौथ आहे. सुमित्राजींचा नवऱ्यासाठी उपास असणार," लतिकाबाई म्हणाल्या.

"असू दे ना. त्यांची चौथ त्यांच्यापाशी, आपली चतुर्थी आपल्यापाशी," दीनानाथ म्हणाले. सगळी नोकरी दिल्लीत काढलेल्या या माणसाला करवा चौथ माहीत होती ती सरोजिनी नगरच्या बाजारात मेंदीवाल्यांमुळे रिक्षा अडते तो दिवस म्हणून. दोन्हीकडचा चंद्र एकच असतो, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नाही. दोन खात्यांची फाईल एक असू शकते हे सरकारी माणसाला सुचत नाही.

आता संकष्टीचं थोडं सांगायला हवं. दीनानाथांची आई लवकर गेली. थोरल्या बहिणीने, कुमुदिनीअक्काने, त्यांना वाढवलं आणि स्वतःबरोबर चतुर्थी धरायला लावली. नोकरी लागून ते दिल्लीला आले तेव्हा मिळालेलं क्वार्टर तळमजल्याचं, समोर कडुनिंब, पलीकडे पाण्याची टाकी. चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. मग अक्का पुण्याला आपल्या गच्चीवर चढायची, चंद्र पाहायची आणि फोन करायची, "उगवला रे दिना. जेव आता." सुरुवातीला हा फोन शेजाऱ्यांकडे यायचा, मग घरी यायला लागला, मग खिशात. क्वार्टर बदललं, अक्काचा फोन बदलला नाही. तो आल्याशिवाय दीनानाथांनी चतुर्थीला जेवणाचा घास घेतला नव्हता, आणि चतुर्थीला दिल्लीच्या आकाशाकडे मान वर करून पाहायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

तर ठरल्या संध्याकाळी मंडळी 'शगुन दरबार' या हॉटेलाशी पोचली. (दिल्लीचे लोक त्याला रेस्टॉरंट म्हणतात. मराठी माणूस जिथे खातो त्याला हॉटेल म्हणतो, आणि ते बरोबर आहे.) दाराशी ही गर्दी. नटलेल्या बायका, ओशाळलेले नवरे, आणि टेबलामागे एक मॅनेजर, ज्याच्या चेहऱ्यावरून त्याने सकाळपासून कुणाचंही ऐकून घेतलेलं नव्हतं हे दिसत होतं.

"व्रतवाले ऊपर, खानेवाले नीचे," तो म्हणाला. "नीचे तंदूर है जी, ख़ुशबू से बहनों को तकलीफ़ होती है. चाँद निकलने के बाद सब एक टेबल पर. व्रतवाले कितने?"

सुमित्राजींनी हात वर केला. आणि दीनानाथांनीही केला. सरकारी टेबलासमोर खरी माहिती द्यायची त्यांची सवय होती.

"मैडम का?" मॅनेजरने लतिकाबाईंकडे पाहत विचारलं.

"नहीं. मेरा."

मॅनेजरने मान वर केली. मग त्याने आतून एक ताट आणवलं, त्यात पणती, मातीचा तोटीवाला करवा आणि झालर लावलेली चाळण. दीनानाथांच्या मनगटाला लाल पट्टी बांधून तो म्हणाला, "ऊपर, सर."

"यह छलनी मुझे नहीं चाहिए," दीनानाथ म्हणाले. "आणि मी खाली बसतो. मला वासाचा त्रास होत नाही."

"सिस्टम में चढ़ गया, सर. अब नहीं निकलेगा."

हे वाक्य दीनानाथांनी नोकरीत इतक्या लोकांना ऐकवलं होतं की त्यावर उत्तर नसतं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

एवढ्यात सुमित्राजी पुढे आल्या. "भाईसाहब! आपने रखा है? भाभीजी के लिए?"

दीनानाथ खरं सांगणार होते. वाक्य तयार होतं. पण शिवांगीने त्यांचा कोपर घट्ट धरला, आणि तिच्या त्या पकडीबरोबर इतके दिवस घोटलेले दोन शब्द आपोआप बाहेर पडले.

"हाँ जी."

"और भाभीजी, आपने?"

"मला... मुझे एसिडिटी है," लतिकाबाई म्हणाल्या, आणि हेही अगदी खरं होतं.

सुमित्राजींना पुढे काही विचारायची गरज राहिली नाही. बायको आजारी, तिला उपास झेपत नाही, म्हणून या देवमाणसाने स्वतः धरला, अशी सगळी गोष्ट त्यांनी एका श्वासात जुळवली आणि पदराने डोळे टिपले. "देखो जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "देखो, और सीखो." भाटियाजी हसले. पण ते हसू मिशीच्या वर गेलं नाही, हे दीनानाथांनी पाहिलं.

गच्चीवर खुर्च्यांची रांग होती. दीनानाथांना मधली मिळाली. दोन्ही बाजूंना बांगड्या, समोर ताट, मांडीवर चाळण. मंत्रालयातलं कुणी बघत नाही ना, म्हणून त्यांनी एकदा चाळण तोंडासमोर धरून पाहिली, पण चाळणीतून माणूस ओळखू येतो.

सुमित्राजींनी गोष्ट शेजारणीला सांगितली, शेजारणीने तिच्या शेजारणीला. रांगेच्या टोकाला पोचेपर्यंत लतिकाबाईंचं मोठं ऑपरेशन झालेलं होतं आणि दीनानाथ लग्नापासून निर्जळी करत होते. "पानी भी नहीं पिया, भाईसाहब?" एका वृद्ध बाईंनी विचारलं. दीनानाथांनी मान अशी हलवली की तिचा अर्थ हो की नाही ते कळू नये. ही विद्या सचिवालयात शिकवतात. बाईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

इथवर ठीक होतं. पण मग बायकांनी फोन काढले. प्रत्येकीचा नवरा खाली तंदुरी रोटीशी बसलेला होता आणि प्रत्येकीने त्याला फोनवर एकच प्रश्न विचारला, "खा लिया? यहाँ एक भाईसाहब हैं, ज़रा ऊपर आके देखो." एकेक नवरा तोंड पुसत वर यायचा, दीनानाथांना पाहायचा, आणि ज्या नजरेने पाहायचा ती नजर काही चांगली नव्हती. एकाने तर खाली जाताना "मरवा दिया, अंकल" असं स्पष्ट म्हटलं. दीनानाथांनी आयुष्यात इतक्या अनोळखी माणसांचं वाईट कधी केलं नव्हतं.

थोड्या वेळाने लतिकाबाई वर आल्या. रांगेने त्यांना वाट करून दिली आणि एकीने त्यांची तब्येत विचारली. लतिकाबाई नवऱ्याच्या कानाशी वाकल्या.

"खाली वाईट चाललंय. भाटियाजी गप्प झालेत. समोर पनीर टिक्का आहे, हात लावत नाहीयेत. दोन टेबलांवरून लोक येऊन त्यांना म्हणाले, तुमच्या व्याह्यांनी आज सगळ्यांची लाज काढली. त्यांना वाटतंय तुम्ही मुद्दाम केलंत, त्यांच्या बायकोसमोर त्यांना खाली पाहायला लावायला."

"मी? अगं, मी सांगून टाकतो. संकष्टी आहे म्हणून."

"आता सांगाल तर सुमित्राजींना फसवलंत असं होईल. त्या रडल्यात तुमच्यासाठी. नाही सांगाल तर भाटियाजी उठून जातील. शिवांगीने घास घेतलेला नाही. नुसती रुमालाच्या घड्या घालतेय."

दीनानाथांनी चाळण ताटात ठेवली आणि पुन्हा मांडीवर घेतली.

"मग करू काय?"

"गप्प बसा. चंद्र आला की संपेल." लतिकाबाई जायला वळल्या आणि परत वाकल्या. "पण मला एक सांगा हो. माझ्या आयुष्यासाठी इतक्या वर्षांत तुम्ही एक वेळचा चहा तरी सोडलात का?"

हा प्रश्न काढायची ही वेळ नव्हती. पण बायका वेळ पाहून प्रश्न काढत नाहीत, आणि बरोबर वेळी काढतात.

त्या गेल्या आणि जिन्यातून स्वतः भाटियाजी वर आले. रांगेसमोर उभे राहिले. मागून अनुराग आणि शिवांगी.

"दीनानाथजी, एक बात पूछूँ? कब से रखते हैं?"

दीनानाथांनी विचार केला, निदान एवढं तरी खरं सांगावं. "बचपन से."

रांगेतून एक सामुदायिक सुस्कारा निघाला. "बचपन से! भाभीजी से मिले भी नहीं थे, तब से!"

भाटियाजींचा चेहरा उतरला. राग आला असता तर परवडलं असतं. ते सुमित्राजींकडे पाहून हळू आवाजात म्हणाले, "मैं सारी उमर दुकान पे खड़ा रहा, सुमित्रा. गर्मी में, बुख़ार में. तेरे लिए ही खड़ा था. उसके लिए कोई छलनी नहीं मिलती." आणि ते कठड्याशी जाऊन पाठ करून उभे राहिले. दीनानाथांना त्या मोठ्या पाठीकडे पाहून अतिशय वाईट वाटलं. या माणसाचं काहीही चुकलेलं नव्हतं.

हवेत धुरकं होतं. दिवाळी जवळ आली की दिल्लीचं आकाश असंच होतं, वर पाहिलं तर राखाडी चादर दिसते. बायका टाचा उंचावून पाहत होत्या. एकीला दिवा दिसला, एकीला विमान. आणि मग पलीकडच्या गच्चीवरून आरोळी आली, "निकल आया!"

आलाच होता. पाण्याच्या टाकीच्या बाजूला, तांबूस, धुळकट, कडेला किंचित कापलेला. गच्चीवर एकच धांदल उडाली. पणत्या पेटल्या. खालून नवरे धावत आले. सुमित्राजींनी चाळणीतून चंद्र पाहिला, मग भाटियाजींना पाहिलं, आणि भाटियाजींनी बर्फीचं ताट एका हातात धरून त्यांच्या ओठाला पाणी लावलं. त्यांचा हात त्या क्षणी फार हळुवार झाला होता.

आणि मग सगळी गच्ची दीनानाथांकडे वळली.

"भाईसाहब, आप भी!"

दीनानाथ उभे राहिले. चाळणीतून त्यांनी चंद्र पाहिला. मग लतिकाबाईंना पाहिलं. बायकोकडे चाळणीतून पाहायचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग, आणि ती बरी दिसत होती. लतिकाबाईंनी गंभीर चेहऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला. दीनानाथांनी तो घेतला, ओठापर्यंत नेला, आणि तिथे त्यांचा हात थांबला.

अक्काचा फोन आला नव्हता.

"पियो जी," कुणीतरी म्हणालं.

"एक मिनट," दीनानाथ म्हणाले. त्यांनी पेला खाली घेतला आणि खिसा चाचपला. फोन होता, गप्प होता. अक्काने गच्चीवरून उगवला म्हटल्याशिवाय उपास सोडायचा? तिने त्यांना मांडीवर घेऊन भरवलेलं होतं. तिचा एक शब्द ही काही मोठी गोष्ट नव्हती.

"किसका इंतज़ार है?" भाटियाजींनी विचारलं.

"वो... चाँद निकलने का."

"चाँद?" भाटियाजींनी आकाशाकडे बोट केलं. "वो क्या है?"

"हाँ जी. वो है. लेकिन पुणे में अभी नहीं निकला होगा."

खाली तंदूरमध्ये कुणीतरी सळई आपटली. शिवांगीने डोळे मिटून घेतले.

"हमारे चाँद में क्या खोट है, भाईसाहब?" भाटियाजी हळू म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज चढत गेला. "यही मैं कहता था! यही! रहेंगे दिल्ली में, खाएँगे दिल्ली का, और चाँद चाहिए पुणे का! कल मेरी बहू मेरे घर में बैठके बोलेगी, पापाजी, यह आपकी दिवाली है, हमारी अभी नहीं आई. हम इतने बुरे हैं? अनुराग, गाड़ी निकाल."

"पापा..."

"निकाल गाड़ी!"

अनुराग हलला नाही. शिवांगीही नाही. तिने वडिलांकडे विनवणीच्या नजरेने पाहिलं नाही, तक्रारीच्या नजरेनेही नाही. ती खाली फरशीकडे पाहत होती. हे आपल्या नशिबात असणारच होतं असं तिने मनाशी मान्य करून टाकलेलं दिसत होतं. ते दीनानाथांना सहन झालं नाही. मुलीने हट्ट केला असता तर ते कदाचित थांबले असते.

त्यांनी मान वर केली. मध्ये चाळण नव्हती, कडुनिंब नव्हता. आयुष्य ज्या गावात गेलं, मुलगी जिथे जन्मली, त्या गावाचा चतुर्थीचा चंद्र ते पहिल्यांदा नीट पाहत होते. गणपतीने याच चंद्राला शाप दिला आणि याच चंद्राला उःशाप दिला. पुण्याला वेगळा ठेवला असेल असं वाटेना. गणराया, चुकलं तर पदरात घे, ते मनात म्हणाले, आणि अक्का, तूही.

त्यांनी पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. मग भाटियाजींसमोर गेले, त्यांच्या हातातल्या ताटातली बर्फी स्वतः उचलली आणि अख्खी तोंडात घातली.

नेमका तेव्हा फोन वाजला.

दीनानाथांच्या एका हातात पेला, दुसऱ्या हाताची बोटं चिकट, काखेत चाळण, तोंडात बर्फी. लतिकाबाईंनी त्यांच्या खिशातून फोन काढला आणि नेहमीच्या सवयीने स्पीकरवर टाकला. अक्काचा खणखणीत आवाज गच्चीभर झाला.

"दिना, अरे अजून नाही हं उगवला! ढग आलेत. जेवू नकोस, थांब जरा."

अनुरागला आपलं मराठी सगळ्यांपुढे सिद्ध करायची संधी इतकी चांगली पुन्हा मिळाली नसती. "बुआजी कह रही हैं, चाँद नहीं निकला, खाना मत खाना," त्याने मोठ्याने जाहीर केलं.

दीनानाथांनी बर्फी गिळली. "अक्का, मी... सोडला उपास. इथे उगवला."

"इथे म्हणजे कुठे?"

"दिल्लीत."

"दिल्लीला आधी उगवतो?"

"आज तरी उगवलाय. पूर्वीचं मला माहीत नाही. मी कधी पाहिलंच नाही गं. तुझा फोन आला की जेवायचो."

गच्चीवरच्या बायका अनुरागच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"गाढवा," अक्का शेवटी म्हणाली. "आधी सांगायचंस ना मला. अरे, माझा उपास डॉक्टरांनी केव्हाच बंद केला. साखरेच्या गोळ्या आहेत, संध्याकाळीच जेवून घेते मी. तू तिकडे उपाशी बसला असशील म्हणून गुडघे धरत गच्चीवर चढते दर चतुर्थीला."

"मी तर तुझ्यासाठी चालू ठेवलं होतं, अक्का. म्हटलं, आपण सोडलं तर तू गच्चीवर एकटीच उभी राहशील."

अनुरागने हेही हिंदीत सांगितलं, पण हळू, आणि शेवटचं वाक्य अर्धवट सोडलं. त्या वृद्ध बाईंनी नाक पुसलं. शिवांगी पुढे होऊन वडिलांच्या दंडाला चिकटून उभी राहिली.

"आता नाही चढायचं," दीनानाथ दटावून म्हणाले.

"कशाला चढतेय? यापुढे तुझा उगवला की तू फोन कर. मी पडल्या पडल्या ऐकेन." मग तिचा आवाज नेहमीचा झाला. "बरं, ते रागीट भाटिया आलेत का? जेवले का नीट?"

अनुराग तोंड उघडून तसाच राहिला. भाषांतराची गरज नव्हती, 'भाटिया' आणि चेहरे पुरेसे होते. भाटियाजींनी हात पुढे करून फोन घेतला.

"नमस्ते, बहनजी. मैं ही हूँ वो भाटिया."

अक्का क्षणभरच बिचकली. मग पुण्याच्या हिंदीत म्हणाली, "नमस्ते. देखो भाऊ, आपका चाँद आया है ना? तो बैठके खाना खाओ. और मेरे दिना को पूछ पूछके खिलाओ. वो नहीं बोलता है, लेकिन उसको चाहिए होता है."

भाटियाजी फोनकडे पाहत राहिले. त्यांच्या घशात इतकी वर्षं अडकलेला तो चहा बहुधा त्या क्षणी खाली उतरला. "इनको भी चाहिए होता है?" ते स्वतःशीच म्हणाले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू दुसराच उजेड पडला. ते गर्रकन बायकोकडे वळले.

"सुन लिया, सुमित्रा? बीवी के लिए नहीं! बहन के लिए!"

गच्चीवरचे सगळे नवरे एका दमात ताठ झाले. कुणीतरी टाळी वाजवली. भाटियाजींनी दीनानाथांना चाळणीसकट कवेत घेतलं. "ओए दीनानाथजी! आपने तो डरा दिया था यार! जो आदमी बहन के फ़ोन के बिना पानी नहीं पीता, उसकी बेटी मेरे घर नहीं आएगी तो किसके घर जाएगी? रिश्ता पक्का!" दीनानाथांची इभ्रत त्या मिठीत पार चुरगळली होती, पण खांद्यावरून त्यांना शिवांगीचा चेहरा दिसला. इभ्रतीचं त्यांना काही वाटलं नाही.

"रुकिए," सुमित्राजी म्हणाल्या.

सगळे थांबले. ज्या माणसासाठी आपण भरल्या गच्चीवर रडलो तो भलत्याच कारणाने उपाशी होता, हे त्या सहजासहजी सोडणार नव्हत्या. "रिश्ता पक्का, लेकिन एक शर्त पे. अगले करवा चौथ पे आप दोनों यहाँ ऊपर बैठेंगे. हम दोनों नीचे खाएँगी. भाभीजी, ठीक है?"

"बिल्कुल," लतिकाबाई इतक्या चटकन म्हणाल्या की दीनानाथांना संशय आला.

भाटियाजींनी मुलाकडे पाहिलं, मुलगा आकाशाकडे पाहत होता. होकार देण्यावाचून दोघा व्याह्यांना गत्यंतर उरलं नाही.

खाली एका टेबलावर सगळे बसले तेव्हा भाटियाजी दीनानाथांच्या शेजारी बसले. त्यांच्या पानात ते विचारून विचारून वाढत होते, आणि दीनानाथ एकदाही नाही म्हणत नव्हते. मग बायका साड्यांच्या दुकानांबद्दल बोलायला लागल्या आहेत असं पाहून भाटियाजी कानाशी वाकले.

"दीनानाथजी, सच बताना. आपके वाले व्रत में पानी चलता है?"

"चलता है."

"चाय?"

"चाय भी."

"और कुछ?"

दीनानाथांनी आवाज खाली आणला. "साबूदाण्याची खिचडी. बटाट्याची भाजी. रताळ्याचा कीस, तुपात. वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. राजगिऱ्याचा लाडू. केळं. दही तर असतंच."

भाटियाजींच्या हातातली रोटी अर्ध्यावर थांबली. "यह सब? एक ही दिन में?"

"चाँद निकलने तक. उसके बाद जेवण."

"आज भी?"

दीनानाथ थोडे लाजले. "आज धावपळ होती. लाडू राहून गेला."

भाटियाजींनी सुमित्राजींकडे एक चोरटी नजर टाकली आणि टेबलाखालून दीनानाथांचा हात घट्ट दाबला.

"इसको कुछ मत बताना," ते म्हणाले. "अगले साल मैं आपवाला रख रहा हूँ."